नमुना ब, जाडं मीठ

आत्या, काल तुझं दहावं झालं. खाडीच्या बांधावर पिंड ठेवला, सगळे चार पावलं मागे सरले, तर कावळा जसा काही वाटच बघत बसलेला. आला आणि शिवला. भटजींना धड मागे वळायलाही वेळ मिळाला नाही. लोक म्हणाले, बाई सुखाने गेली, तिची कायपन इच्छा राहिली नाय. मला त्या कावळ्याचाही राग आला आणि लोकांचाही. बारा वर्षं एक गोष्ट मी पोटात ठेवली होती. कावळा अडला तर ती सगळ्यांसमोर बोलायची, असं ठरवून मी रोह्याहून निघाले होते. बसमध्ये वाक्यं पाठ करत होते, परीक्षेला करतात तशी. निदान अर्धा तास तरी आम्हाला उन्हात उभं करायचं होतंस. तू तेवढाही त्रास दिला नाहीस.

मग घरी परतताना शेवंताकाकूने मला बाजूला घेतलं आणि एक गोष्ट सांगितली. ती मी शेवटी सांगते. आधी माझं सांगू दे, नाहीतर मी नेहमीसारखी पळवाट काढीन. ते मला फार चांगलं जमतं, तुला माहीत आहे.

गावाला तू माहीत होतीस ती शाळेतली खिचडीवाली हिराबाय म्हणून. मला तू बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, मागच्या पडवीत स्वतःची चूल मांडलेली, आणि कुणाच्या दोन घासांची मिंधी राहायचं नाही म्हणून शाळेत खिचडी रांधायला लागलेली. तू आणि शेवंताकाकू, दोघी मिळून शंभरभर पोरांचं पातेलं उतरवायच्यात. आम्हाला वर्गात तांदूळ शिजल्याचा वास यायला लागला की फळ्यावर सर काय लिहितायत याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसायचं. आणि सुट्टी झाली की तू दारात उभी राहून हाक मारायचीस, दर्शू, ये गो बाय, तुझ्यासाठी खरवड काढून ठेवलीय. पातेल्याच्या तळाची ती करपट, खमंग खरवड मला जिवापाड आवडायची. पण पोरं हसायची. मला 'खरवड' म्हणूनच चिडवायची. घरी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडणारी मी, शाळेत तुझी हाक ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकले. खोटं कशाला बोलू आता, मला तुझी लाज वाटायची. तुझ्या कमरेला खोचलेल्या पदराची, राखेच्या हातांची, आणि तू सगळ्यांदेखत मला 'बाय' म्हणतेस याची.

आठवीला विज्ञानाचे नवीन सर आले. घाटावरचे, तरुण, हौशी. कपाटात वर्षानुवर्षं कपड्यात गुंडाळून ठेवलेला सूक्ष्मदर्शक त्यांनी बाहेर काढला. पेशीचा धडा होता. कांद्याचा पापुद्रा पाहिजे म्हणून सरांनी मला तुझ्याकडे पिटाळलं, तर तू कांदा माझ्या हातात न देता स्वतः घेऊन वर्गात आलीस. पापुद्रा काढणं तुझ्याइतकं कुणालाच जमलं नसतं. नखाने असा अलगद सोडवलास की सरही बघत राहिले. आम्ही एकेकाने डोळा लावला. विटांची भिंत रचावी तशा पेशी, आणि प्रत्येकीत एक ठिपका. तू तिथेच उभी होतीस. म्हणालीस, मना पन बघू दे गो. सर म्हणाले, या की मावशी. पण यंत्र माझ्या ताब्यात होतं, मी वर्गाची मॉनिटर. मी म्हटलं, सर, तिला काय कळणार, खिचडी लागेल तिकडे. तू हसलीस आणि खरंच खिचडी लागेल म्हणून लगबगीने गेलीस. कांद्याचा उरलेला अर्धा भाग मात्र उचलून न्यायला विसरली नाहीस.

पुढच्या आठवड्यात सरांनी बटाट्याची चकती मिठाच्या पाण्यात ठेवली. तासाभराने ती मऊ, लुळी पडली. असं का झालं, ते उद्या विचार करून या, म्हणाले. मी घरी येऊन तुला विचारलं. तू कैऱ्या मीठ लावून ठेवत होतीस. थाळी तिरकी करून मला खाली जमलेलं पाणी दाखवलंस आणि म्हणालीस, मीठ तहानलेलं असतं गो. जो जवळ येईल त्याच्याकडून पाणी घेतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी उभी राहिले आणि म्हटलं, सर, मीठ तहानलेलं असतं. सर इतके खूश झाले की त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, त्याखाली 'परासरण' असा शब्द लिहिला, आणि कुठे वाचलंस म्हणून विचारलं. मी म्हटलं, मला सुचलं.

हे सगळं बारीकसारीक वाटेल कुणाला. आठवीतली पोर, तिची काय चूक, असंही म्हणतील. पण पुढचं जे झालं ते याच वाटेने झालं.

मग पोषणाचा धडा आला. जीवनसत्त्वं, क्षार, कशाच्या अभावाने काय होतं त्याचा तक्ता. आयोडीन नसेल तर गलगंड होतो, मुलं मंद होतात. सरांनी कुठूनतरी मीठ तपासायची एक छोटी बाटली मिळवली होती. तिचा थेंब मिठावर टाकला की आयोडीनवालं मीठ जांभळं होतं. दुकानातल्या पुडीचं झालं. मी बाटली मागून घरी आणली आणि तुझ्या चुलीशेजारच्या बरणीतल्या मिठावर थेंब टाकला. काही नाही. पांढरं ते पांढरंच.

आपलं घर मिठागराच्या कडेला. आजोबांनी जन्मभर खाडीचं पाणी कोंडून मीठ पिकवलं, बाबांनी अर्धी जिंदगी पिकवलं, मग आगरं पडीक होत गेली आणि बाबा डोलवीला कंपनीत शिफ्टवर जायला लागले. तरी एक कोपरा तू राखला होतास. घरापुरतं मीठ तू स्वतः ओढायचीस. आणि मी, आठवीतली शहाणी, तुला सांगते काय, तर तुझं मीठ निकामी आहे, हे खाऊन पोरं मंद होतात. तू कपाळाला हात लावलास. म्हणालीस, सात पिढ्या हेच खाल्लं, कुनाला गंड झाला ते दाखव. आणि मासली काय फुकट खातो आपन? मी म्हटलं, पुस्तकात तसं नाही. तू म्हणालीस, मग पुस्तकाला विचार, ते काय खातं.

तो वाद आपला अर्धाच राहिला. पुढे लॅबचं शिकताना मला कळलं की समुद्राच्या मासळीत आयोडीन असतं. म्हणजे तू निम्मी बरोबर होतीस. नुसतं जाडं मीठ पुरत नाही हेही खरं, आणि शाळेतल्या सगळ्याच पोरांच्या घरी रोज मासळी नसायची हेही खरं. पण तू निम्मी तरी बरोबर होतीस, हे मी तुला सांगितलं का? नाही. हरल्यासारखं वाटलं असतं ना.

त्या वर्षी पेणला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. सर म्हणाले, दर्शना, मिठाचाच प्रयोग मांड, आपल्या भागाला धरून आहे. मी तुझ्याकडे मीठ मागायला आले. प्रदर्शनात ठेवायचं आहे, एवढंच बोलले. अगो आत्या, तू किती हरखलीस. सूप घेतलंस, मीठ पाखडलंस, मोठाले, पांढरेशुभ्र, चौकोनी खडे एकेक करून निवडलेस, जशी लग्नाच्या अक्षतांना तांदूळ निवडतात. मी हात पुढे केला तर म्हणालीस, मीठ हातावर देऊ नये, भांडन होतं. कागदावर ठेवलंस, पुडी बांधलीस आणि ती जमिनीवर ठेवून मला उचलायला लावलीस. वर म्हणालीस, लिही तिकडे, आमच्या आगरातलं हाय. बघू दे पेणच्या लोकांना मीठ कसं असतं.

तुला वाटलं मी ते मिरवायला नेतेय. मी ते तसंच वाटू दिलं.

आता एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. शाळेच्या खिचडीसाठी मिठाच्या पुड्या यायच्या. पण त्या वर्षी दिवाळीनंतर त्या आल्याच नाहीत. तांदूळ आला, डाळ आली, मीठ नाही. तू ऑफिसात दोनदा विचारलंस, येतील येतील म्हणाले. अळणी खिचडी पोरांच्या पुढ्यात कशी ठेवायची, म्हणून तू घरचं मीठ न्यायला लागलीस. आणि नेत कोण होतं? मी. तुझ्या डोक्यावर सरपण असायचं, म्हणून मिठाचा स्टीलचा डबा माझ्या दप्तरात. गणिताच्या वहीला मीठ लागून तिची पानं कायम दमट असायची. म्हणजे त्या खिचडीत जाडं मीठ का पडतंय, हे जगात तीन माणसांना पक्कं ठाऊक होतं. तू, शेवंताकाकू आणि मी.

पेणला मी टेबल मांडलं. दोन बशा. नमुना अ, पुडीचं मीठ. नमुना ब, जाडं मीठ, आणि खाली मोठ्या अक्षरात 'आमच्या शाळेच्या खिचडीतील'. हे 'खिचडीतील' माझं डोकं. नुसतं घरचं मीठ म्हटलं असतं तर कोण थांबलं असतं? शाळेच्या खिचडीचं म्हटल्यावर प्रत्येक जण थांबत होता. थेंब टाकायचा, अ जांभळं, ब पांढरं, आणि मी घडाघडा बोलायची. गलगंड, थायरॉइड ग्रंथी, पेशी. त्या आठवड्यात मी आरशासमोर 'नाय'चं 'नाही' आणि 'हाय'चं 'आहे' करण्याचा सराव केला होता.

दुपारी पोषण आहाराचं बघणाऱ्या एक अधिकारी बाई आल्या. सर तेव्हा चहाला गेले होते. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, माझी पाठ थोपटली, मग ब बशीतला एक खडा उचलून बघितला आणि म्हणाल्या, पण शाळेला तर पुड्या मिळतात. मग हे खिचडीत कसं? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी विचारलं, हे तुला कुणी दिलं? मी म्हटलं, खिचडी करणाऱ्या बाईंनी. त्या म्हणाल्या, पुड्या घरी नेत असणार आणि हे असलं घालत असणार. बरोबरच्या माणसाला त्यांनी शाळेचं नाव लिहून घ्यायला सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तू ओळखतेस का त्या बाईला?"

"नाही मॅडम. गावातली आहे कोणीतरी."

झालं. एवढंच. तुझं आडनाव सासरचं, माझं माहेरचं, त्यामुळे पेणला कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या. संध्याकाळी मला दुसरा नंबर मिळाला. पुड्या दोन महिने आल्याच नाहीत, डबा माझ्या दप्तरातून जातो, ती माझी आत्या आहे. तीन साधी वाक्यं. आख्खं थायरॉइड तोंडपाठ होतं मला, ही तीन वाक्यं आली नाहीत.

घरी आले तेव्हा तू चुलीपुढे होतीस. मी बक्षिसाची ढाल दाखवली. तू हात पुसून ती घेतलीस, उलटीपालटी करून बघितलीस, आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडलीस. मिठाबद्दल काहीच विचारलं नाहीस. लोकांनी काय म्हटलं, आवडलं का, काही नाही. मला बरं वाटलं. वाटलं, सुटले.

पंधरा दिवसांत चौकशी आली. तुला आणि शेवंताकाकूला ऑफिसच्या दारात उभं केलं. आमचा वर्ग शेजारीच, मी खिडकीत. पुड्या कुठे गेल्या, विचारलं. तू म्हणालीस, आल्याच नाय. कागदावर तर आल्याची सही होती. मग हे मीठ शाळेत कसं यायचं, विचारलं. तू नुसतं म्हणाली असतीस ना, माझ्या भाचीला विचारा, तिच्याच दप्तरातून येतं, तर मला उठून साक्ष द्यावी लागली असती. तू खिडकीकडे बघितलंस सुद्धा. मग म्हणालीस, मीच आनते घरून. जेवढं विचारलं तेवढंच बोललीस. माझं नाव घेतलं नाहीस.

जूनपासून खिचडीचं काम दुसऱ्यांना गेलं. शेवंताकाकूचंही गेलं. घरी तू सांगितलंस, बरं झालं, पातेलं उचलून खांदे दुखत होते. पण गाव गावासारखं. नळावर कुणाशी भांडण झालं की तुला 'पुडीवाली' म्हणायचे. पोरांच्या तोंडचं मीठ पळवणारी. मी कळशी घेऊन तिथेच उभी असायची, आत्या, आणि कळशी भरायची वाट बघायची.

आणि तू काय केलंस? त्याच पावसाळ्यात दुकानातून मिठाची पुडी आणलीस. मिठागराच्या कडेचं घर, आणि मीठ दुकानातलं. बाबा हसले. तू म्हणालीस, दर्शू सांगते ते शिकून सांगते. तो कोपराही तू मग सोडून दिलास. बांध फुटला तो फुटलाच. मी जिंकले होते म्हणायचं.

बारावीनंतर मी लॅबचा कोर्स केला, रोह्याला नोकरी लागली. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या रक्तातल्या पेशी बघायच्या. तू गावभर सांगायचीस, आमची दर्शू मानसाच्या आतलं बघते. मी सुट्टीला यायची तेव्हा दरवेळी ठरवून यायची, या खेपेला बोलायचं. तू मासळीचं कालवण वाढायचीस, मी जेवायची आणि म्हणायची, मीठ बरोबर झालंय. याच्यापुढे गाडी सरकायची नाही.

गेल्या वर्षी तू थकायला लागलीस. चढण आली की बसायचीस. तोंड पांढरं पडलं होतं. मी बघितलं आणि काय केलं? पोषणाचा धडा सुरू केला. जेवल्यावर चहा पिऊ नकोस, लोह अंगाला लागत नाही. लोखंडी तव्यात भाजी कर. अळू खा, नाचणी खा. गोळ्यांची पाकिटं आणून दिली. चार महिने मी तुला आठवीचा तक्ता म्हणून दाखवला, आणि तू मान डोलावत राहिलीस. पोटात दुखतंय का, हे एका शब्दाने विचारलं नाही. तू आपणहून सांगणाऱ्यातली नव्हतीस, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

शेवटी बाबा तुला रोह्याला घेऊन आले. तू लॅबच्या बाकावर बसली होतीस, चांगलं लुगडं नेसून, हातात पिशवी. माझ्या बरोबरीच्या मुलीने रक्त घेताना सहज विचारलं, कोण गं या? मी ट्यूबवर नंबर टाकत होते. वर न बघता म्हटलं, माझी आत्या.

"काय म्हनालीस?"

मला वाटलं तुला कमी ऐकू यायला लागलंय. जरा मोठ्याने म्हटलं, आत्या आहे म्हटलं माझी. तू त्या मुलीकडे वळलीस आणि विचारलंस, काय म्हनते ती? मुलगी हसली. मी वैतागले. बाहेर पेशंट ताटकळलेले आणि हिचं काय चाललंय. जवळजवळ ओरडलेच, अगं, हिराबाई माझी आत्या आहे असं सांगतेय तिला! बाकावरचे सगळे बघायला लागले. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, मग ठीक हाय.

त्या दिवशी मी तुला डोळा लावू दिला. एवढं एक केलं. तुझ्याच रक्ताची काच होती. तू वाकलीस, बराच वेळ बघत राहिलीस. म्हणालीस, टिकल्याच टिकल्या गो. मग विचारलंस, पन मधी रिकाम्या का? मी म्हटलं, लोह कमी आहे म्हणून फिक्या दिसतात. तू म्हणालीस, कांद्याच्या भरलेल्या होत्या का? कांदा तुझ्या लक्षात होता.

पुढचं सगळं फार लवकर झालं. मोठ्या दवाखान्यात पोटातली गाठ निघाली. रक्त तिथून झिरपत होतं, कित्येक महिने, आणि मी तुला नाचणी खा म्हणत होते.

आता शेवंताकाकूचं. काल बांधावरून परतताना तिने माझा हात धरला. म्हणाली, तुना एक सांगायचं हाय, ती होती तवर तिने सांगू दिलं नाय. मग म्हणाली, पेणच्या प्रदर्शनाला आम्ही दोघी आलो होतो गो. शाळेचं काम उरकून दुपारच्या एसटीने. तुझ्या आत्याला आपलं मीठ मांडलेलं बघायचं होतं, आणि तिथे कांदा बघायचं ते यंत्र सगळ्यांना बघायला देतात असं तिने ऐकलं होतं. तुझ्यासाठी डब्यात खरवड घेतली होती. आम्ही तुझ्या टेबलाच्या मागेच पोचलो आणि ती मॅडम तुला विचारत होती.

मी खालीच बसले, आत्या. रस्त्यातच.

काकू म्हणाली, तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली चल, पोरगी मोठ्या मानसांशी बोलते, मधी नको. स्टँडवर येऊन आम्ही दोघींनी ती खरवड खाल्ली. मी चिडले होते. तर मलाच म्हणाली, पोर घाबरली गो, तिला आपलं काय कळतंय. आणि मला शपथ घातली.

मी विचारलं, नंतर कधी काही बोलली का ती? काकू म्हणाली, एकदाच. रोह्याहून रक्त तपासून आली तेव्हा. हसत होती. म्हणाली, आज दर्शूकडून तीनदा बोलून घेतलं.

तुला ऐकू येत होतं. पेणलाही येत होतं, रोह्यालाही.

म्हणून कावळा लगेच शिवला असेल. तुझं जे घ्यायचं होतं ते तू घेऊन गेलीस, न भांडता, मला कळूही न देता. माझं राहिलं. माफी मागायला तू नाहीस, आणि असतीस तरी मला पुरतं बोलू दिलं नसतंस, जेवून घे म्हणाली असतीस. तुझ्या रक्ताची ती काच अजून लॅबच्या खोक्यात आहे. जुन्या काचा टाकायच्या असतात. मी नाही टाकलेली.

परवा तुझं तेरावं. गाव जेवायला येईल, नळावरच्या बायका येतील, शाळेत तुझी खिचडी खाल्लेली पोरं आता बाप्ये झालीत, ती येतील. स्वयंपाकाला पुडीचं मीठ आहे, त्यावरून वाद नको. पण एका बशीत जाडं मीठ ठेवणार आहे. काकूकडे तुझ्या हातचं थोडं उरलंय, ती देते म्हणाली, जमिनीवर ठेवून. मग पानं वाढली की मी उभी राहीन आणि सांगीन. पुड्या आल्याच नव्हत्या. डबा माझ्या दप्तरातून जायचा. हिराबाई माझी आत्या.

तीनदा सांगीन. मागे कुणी येऊन उभं राहिलं असेल तर त्यालाही ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने.